गेटवेजवळच्याच सेन्सरचे सेल सारखे संपतायत? सेल बदलत बसू नका, आधी गेटवेची जागा बघा

ज्यांच्या सोसायटीत किंवा कंपनीत वायरलेस सेन्सर बसवलेत आणि दर दोन-अडीच महिन्यांनी ठरावीक तीन-चार डब्ब्यांचेच सेल संपतात, बाकीचे मात्र वर्ष झालं तरी टुकटुकीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कारण हा प्रॉब्लेम मी ठाण्यात दोन ठिकाणी आणि नवी मुंबईत एका ठिकाणी बघितला, आणि तिन्हीकडे लोकांनी आधी सेलचा ब्रँड बदलला, मग सेन्सर बदलला, मग बसवणाऱ्याशी भांडले, आणि गेटवेला, म्हणजे सगळ्या सेन्सरचे निरोप गोळा करून इंटरनेटवर पाठवणाऱ्या बेस स्टेशनला, कोणी हातच लावला नाही. तो बिचारा व्यवस्थित चालत असतो ना, त्याला तर लाइटची पॉवर आहे, त्याच्यावर संशय कोण घेणार.

माझं काम पाण्याच्या टाक्यांचे लेव्हल सेन्सर बसवायचं आणि सांभाळायचं. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे एक कॉम्प्लेक्स आहे, ए ते जी अशा सात विंग, सगळ्या एका रांगेत. प्रत्येक विंगच्या गच्चीवर चार नोड (नोड म्हणजे सेन्सर, रेडिओ आणि सेल असलेला एक डब्बा), एक पिण्याच्या पाण्याच्या टाकीला, एक फ्लशिंगच्या, एक फायरच्या आणि एक खाली जाणाऱ्या लाइनच्या प्रेशरला. म्हणजे एकूण २८. गेटवे ए विंगच्या गच्चीवर, कारण सोसायटीचं ऑफिस ए विंगला, इंटरनेट ए विंगला, म्हणून तोही तिथेच. असंच सगळीकडे होतं, जिथे इंटरनेटची वायर तिथे गेटवे.

आणि दर दहा-अकरा आठवड्यांनी पंप चालवणाऱ्या मामांचा फोन. "दादा, बी विंगची फ्लशिंगची टाकी परत स्क्रीनवर दिसत नाही." मी जायचो, बाविसाव्या मजल्यापर्यंत लिफ्ट, मग जिना, मग टाकीची लोखंडी शिडी. डब्बा उघडला तर आत कोरडा ठणठणीत, केबल आत जाते ती ग्लँड घट्ट, कुठे पाणी नाही, मुंग्या नाहीत, सेलच्या टोकांना ती पांढरी पावडर पण नाही. मीटर लावला की दोन सेल मिळून २.१ व्होल्ट. नवे घालताना ३.२ असतात. बरं, हा नोड मेला की दोन-तीन दिवसात बी विंगचाच दुसरा कुठला तरी रडायला लागायचा, आणि मग सी ते जी अशा पाचही विंगचं येणं अडखळायचं. पाणी शटडाऊनच्या दिवशी हे झालं तर स्क्रीनवर टाकी भरलेली दिसते कारण शेवटचं रीडिंग तेच असतं, आणि प्रत्यक्षात टाकी खाली असते, टँकर सांगायला उशीर होतो, आणि वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजी-आजोबा असतात त्यांनी काय करायचं. म्हणून मला हा विषय नुसता सेलच्या खर्चाचा वाटत नाही.

आता नेमकं काय होत होतं ते सांगतो.

या नेटवर्कात लांबचा नोड थेट गेटवेशी बोलत नाही, तो शेजारच्याला देतो, शेजारचा पुढच्याला, असं करत करत गेटवेपर्यंत. जी विंगचं रीडिंग एफ, ई, डी, सी, बी असं उड्या मारत ए ला पोचतं. म्हणजे शेवटची उडी जो नोड मारतो त्याच्या डोक्यावर मागच्या सगळ्यांचं ओझं. आमच्याकडे बी विंगच्या फ्लशिंगच्या टाकीचा नोड कठड्याला लागून, ए च्या बाजूला तोंड करून, त्याला गेटवे सगळ्यात स्वच्छ दिसायचा, म्हणून सगळ्यांनी त्यालाच वाट म्हणून धरला. सी ते जी पाच विंगचे वीस नोड, अधिक बी चे उरलेले तीन, असे तेवीस जणांचे निरोप तो ऐकणार आणि तेवीस अधिक स्वतःचा एक असे चोवीस पुढे पाठवणार. जी विंगच्या टोकाच्या नोडला काय काम, तर स्वतःचा एक पाठवायचा आणि झोपायचं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्याला वाटतं पाठवायला बॅटरी लागते, ऐकायला काय लागतंय. पण या छोट्या रेडिओ चिपमध्ये ऐकणं जवळजवळ पाठवण्याइतकंच महाग असतं. सीसी२४२० नावाची जुनी आणि सगळीकडे वापरलेली चिप घ्या, फुल पॉवरवर पाठवताना १७.४ मिलीअँपिअर आणि ऐकताना १८.८, म्हणजे ऐकायला उलट थोडं जास्तच. त्यामुळे मी हिशोब साधा ठेवतो, एक निरोप घेतला की एक, एक पाठवला की एक. बी च्या त्या नोडचा भार २३ अधिक २४ म्हणजे ४७. टोकाच्या नोडचा भार १. सेल दोघांना सारखेच. मग आधी कोण मरणार हे सांगायला ज्योतिषी नको.

वर आमच्याकडे सेटिंग होतं दर ३० सेकंदांनी रीडिंग. म्हणजे एका नोडचे दिवसाला २८८० निरोप. बी च्या त्या नोडचा काउंटर उघडून बघितला (बहुतेक नोडमध्ये फॉरवर्ड केलेल्या पॅकेटचा काउंटर असतो, नसला तर गेटवेच्या लॉगमध्ये कोणाचा पॅरेंट कोण, म्हणजे कोण कोणाकडे निरोप देतो, ते दिसतं, त्यावरून हाताने मोजता येतं) तर दिवसाला ६६ हजारांच्या आसपास, आणि जी च्या टोकाच्या नोडचा शून्य. त्या दिवशी मी सेलच्या दुकानदाराला शिव्या द्यायचं बंद केलं.

तरी खात्री म्हणून एक टेस्ट करा, ही मी सगळ्यांना सांगतो. जो नोड सारखा मरतो तो काढून लांबच्या टोकाला लावा आणि लांबचा टोकाचा त्याच्या जागी आणा, सेल दोघांना एकाच पाकिटातले. पुढच्या वेळी जागा मेली तर दोष जागेचा, डब्बा मेला तर दोष डब्ब्याचा. वेळ लागतो, पण एकदा केलं की कमिटीच्या मीटिंगमध्ये वाद उरत नाही. आमच्याकडे जागाच मेली, बरोबर दहाव्या आठवड्यात.

आणि मेलेल्यांचा नकाशा काढा. खरंच कागद घ्या, इमारती काढा, गेटवेवर गोल करा आणि गेल्या वर्षभरात ज्यांचे सेल बदलले त्यांच्यावर फुल्या मारा. फुल्या गेटवेभोवती जमल्या तर तुमचा प्रॉब्लेम हाच आहे, याला होल पडणं म्हणतात, गेटवेभोवतीचे मेले की बाकी सगळे जिवंत असून उपयोग नाही, त्यांचा आवाज पोचतच नाही. फुल्या सगळ्यात लांबच्यांवर पडल्या तर मात्र प्रकार वेगळा आहे, तो खाली लोराच्या, म्हणजे एकाच उडीत लांब पोचणाऱ्या रेडिओच्या, ठिकाणी सांगतो. आणि फुल्या कशाही विखुरलेल्या असतील तर सेल, गंज, पाणी, डुप्लिकेट माल, हे नेहमीचे संशयित बघा.

आता जागा कुठली निवडायची. लोक म्हणतात मधोमध. बरोबर आहे, पण का आणि कितीने ते मोजल्याशिवाय हलवू नका. मी सातही जागांचा हिशोब कागदावर केला, प्रत्येक जागी गेटवे ठेवला तर सगळ्यात जास्त दमणारा नोड कोणता आणि त्याचा भार किती, एवढंच. गेटवे ए ला, भार ४७. बी ला नेला तर सी च्या एका नोडवर डी ते जी चे सोळा आणि घरचे तीन, १९ घेणं २० पाठवणं, ३९. सी ला नेला तर ३१. डी ला नेला तर एका बाजूला ए-बी, दुसऱ्या बाजूला एफ-जी, सी च्या किंवा ई च्या नोडवर आठ आणि घरचे तीन, ११ घेणं १२ पाठवणं, २३. त्याच्या पुढे परत वाढत जातो. एकेक विंग सरकलं की आठ-आठने उतरतो. नुसतं ए वरून डी वर नेलं की ४७ चे २३, म्हणजे निम्म्याहून कमी, एक पैशाचा नवीन सेन्सर न घेता.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की मी बेरीज किंवा सरासरी बघत नाहीये. खूप जण सगळ्या नोडचं मिळून अंतर कमीत कमी येईल अशी जागा काढतात. पण तुमचं नेटवर्क सरासरीने मरत नाही, ते सगळ्यात दमलेल्या नोडबरोबर मरतं. एका टोकाला नोड दाट असले, म्हणजे समजा आमच्या ए-बी-सी मध्येच वीस नोड असते, तर इमारतींचा मध्य आणि ओझ्याचा मध्य वेगळा पडला असता. म्हणून मोजताना इमारती मोजू नका, निरोप मोजा.

मोकळ्या जागेतही हेच. समजा गोल मैदान आहे, नोड सगळीकडे सारखे पसरलेत, आणि मैदानाची त्रिज्या एका उडीच्या पाचपट आहे. गेटवे मधोमध ठेवला तरी त्याच्या लगतच्या गोलात एकूण क्षेत्रफळाचा पंचविसावा हिस्सा येतो, म्हणजे तिथल्या प्रत्येक नोडवर सरासरी पंचवीस जणांचा भार. तोच गेटवे मैदानाच्या कडेला नेला की त्याच्याभोवती अर्धाच गोल उरतो, लगतचे नोड निम्मे, भार दुप्पट. चौकोनी प्लॉटच्या कोपऱ्यात ठेवला की पाव गोल, मधल्याच्या तुलनेत चौपट. आणि आपल्याकडे वॉचमनची केबिन कुठे असते? गेटवर, प्लॉटच्या कोपऱ्यात. तिथे प्लग पॉइंट असतो म्हणून गेटवे तिथेच टांगतात.

डी विंगला हलवताना ज्या अडचणी आल्या त्या सविस्तर लिहितो कारण थिअरी सगळे सांगतात, गच्चीवरचं कोणी सांगत नाही. पहिली, पॉवर. गच्चीवरच्या दिव्याच्या पॉइंटवरून घेऊ नका, तो कोणीतरी खालून बंद करतं. लिफ्टच्या मशीन रूमची सप्लाय जनरेटरवर असते, तिथून सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून वेगळा एमसीबी टाकून घ्या, स्वतः हात घालू नका. दुसरी, इंटरनेट. ऑफिसमधून डी च्या गच्चीपर्यंत लॅनची केबल ओढायचा पहिला विचार होता पण लॅनची साधी केबल १०० मीटरच्या पुढे भरवशाची नाही, आणि बावीस मजले चढायचे, शिवाय खालचं आडवं अंतर, ते सहज त्याच्या पुढे जातं. आम्ही डी च्या वरच्या मजल्यावरच्या सीसीटीव्हीच्या स्विचमधून एक पोर्ट घेतला, पंधरा मीटर केबलमध्ये काम झालं. तेही नसेल तर सिमवाला राउटर, या गेटवेचा डेटा फार नसतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, अँटेना. पहिल्या दिवशी मी गेटवे मशीन रूमच्या आतच ठेवला होता, पावसापासून सुरक्षित म्हणून. सी च्या नोडचा सिग्नल आला उणे ८८ डीबीएम (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). काँक्रीटची भिंत, आत सळ्यांची जाळी, शिवाय लोखंडी दरवाजा. मग गेटवे आत ठेवून अँटेना फक्त बाहेर काढली, दोन मीटरच्या पाइपवर, कठड्याच्या वर डोकं येईल अशी, तोच नोड उणे ७१ वर आला. सतराचा फरक छोटा वाटतो पण दर दहाला दहापट असतं, म्हणजे साधारण पन्नासपट सिग्नल. आणि सिग्नल कच्चा असला की काय होतं, निरोप एकदा पोचत नाही, परत पाठवावा लागतो, निम्मेच पोचत असतील तर प्रत्येक निरोपाला सरासरी दोन फेऱ्या, म्हणजे तुम्ही जागा बदलून निम्मा केलेला भार परत दुप्पट. जागा बरोबर आणि अँटेना चुकीची, तर केलेलं सगळं पाण्यात. तसंच खूप गेनची लांबलचक अँटेना घेऊ नका, ती आडवी लांब बघते पण तिच्या बरोबर खाली तिला कमी दिसतं, त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यावर डक्टमध्ये नोड असतील तर ते गायब होतील. आणि गच्चीवर सगळ्यात उंच पाइप तुमचाच होऊ देऊ नका, तडितरोधकाच्या आडोशात ठेवा.

वायफायचं पण बघून घ्या. हे नोड २.४ गिगाहर्ट्झवर, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचे राउटर पण त्याच पट्ट्यात. या नोडना ११ ते २६ असे सोळा चॅनल असतात, राउटर बहुधा १, ६ आणि ११ वर असतात, त्यांच्या पलीकडे, पट्ट्याच्या वरच्या टोकाला, २५ आणि २६ नंबरचे चॅनल बरेच मोकळे मिळतात. आमचं नेटवर्क १८ वर होतं, ते २५ वर नेलं.

डी ला गेल्यावर मी मुद्दाम दुसरं काहीच बदललं नाही, ३० सेकंद तसेच ठेवले, कारण एकदम चार गोष्टी बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही. पहिला सेल संपला एकोणिसाव्या आठवड्यात. ४७ चे २३ झाले तर वीस-बावीस आठवडे यायला हवे होते असं वाटेल, पण नोड नुसता बसलेला असतानाही थोडं खातो, दर थोड्या वेळाने उठून कोणी हाक मारतंय का ऐकतो, तो खर्च जागा बदलून कमी होत नाही. त्यामुळे कागदावर दुप्पट आलं तर गच्चीवर पावणेदोन पट धरा.

"दोन गेटवे लावले तर?" हा प्रश्न कमिटीने विचारला आणि चांगला विचारला. लगेच कोणीतरी म्हणालं, एक परत ए ला नेऊ, दुसरा जी ला लावू, दोन्ही टोकं झाली. मी म्हटलं थांबा, मोजू. ए आणि जी ला गेटवे, तर बी वर सी चे चार, डी पण इकडेच वळला तर त्याचे चार, घरचे तीन, ११ आणि १२, भार २३. म्हणजे दोन टोकांना दोन गेटवे ठेवून जे मिळतं तेच एक गेटवे मधोमध ठेवून मिळत होतं! दुसऱ्या गेटवेचे पैसे फुकट. तेच दोन गेटवे बी आणि एफ ला ठेवले तर ए आणि सी बी ला लागून, ई आणि जी एफ ला लागून, फक्त डी ला एक मधली उडी लागते, सगळ्यात दमलेल्या नोडवर ७ घेणं ८ पाठवणं, १५. म्हणून दोन असतील तर टोकांना नाही, रांगेचे दोन अर्धे करून प्रत्येक अर्ध्याच्या मध्याला. शेवटी आम्ही हेच केलं. दुसरा गेटवे घेण्याचं आणखी एक कारण होतं, एक बंद पडला तर अर्ध्या कॉम्प्लेक्सचा पत्ता तरी राहतो.

त्याच वेळी दोन गोष्टी सेटिंगमधून केल्या. ३० सेकंदाचं ५ मिनिट केलं, टाकीची पातळी काय ३० सेकंदात बदलत नाही, आणि पातळी अचानक घसरली तर पाच मिनिटांची वाट न बघता लगेच कळव असा नियम घातला. आणि एका विंगचे चार निरोप एकाच पॅकेटमध्ये बांधून पाठवायचं चालू केलं. या रेडिओचं पॅकेट १२७ बाइटपर्यंत जाऊ शकतं, आमचं एक रीडिंग दहा-बारा बाइटचं, चार सहज मावतात. पुढचा नोड झोपेत असतो, त्याला उठवेपर्यंत हाका मारत राहाव्या लागतात आणि खरी बॅटरी तिथे जाते, त्यामुळे चार वेळा उठवण्यापेक्षा एकदा उठवून चार निरोप दिलेले कधीही बरे.

ज्यांना दुसरा गेटवे परवडत नाही त्यांच्यासाठी एक मधला मार्ग. लुओ आणि ह्युबो यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की गोल नेटवर्कात बेस स्टेशन एकाच जागी ठेवायचं असेल तर केंद्र सगळ्यात चांगलं, पण फिरवता येत असेल तर कडेकडेने फिरवावं, म्हणजे ओझं सारखं वेगवेगळ्या नोडवर पडतं. सोसायटीत गेटवे रोज कोण फिरवणार, पण दोन गच्च्यांवर पाइप, पॉइंट आणि केबल तयार ठेवून महिन्या-दोन महिन्यांनी तोच गेटवे इकडून तिकडे करता येतो. कष्टाचं आहे, पण बाविसाव्या मजल्यावरून शिडी चढून सेल बदलण्यापेक्षा कमी. दुसरं म्हणजे गेटवेशेजारच्या विंगमध्ये एकाऐवजी दोन नोड कठड्याजवळ आणा, म्हणजे वाट दोघांत वाटली जाते. डी ला गेटवे असताना सी मध्ये असे दोन असते तर एकेकावर ५ घेणं ६ पाठवणं, २३ ऐवजी ११. फक्त सॉफ्टवेअरमध्ये भार वाटण्याची सोय आहे का ते बघा, काही नेटवर्क ज्याचा सिग्नल बरा त्यालाच धरून बसतात, मग दुसरा नुसता शोभेला.

जवळच्यांना मोठी बॅटरी द्या असंही सुचवतात. चालतं, पण हा उपाय म्हणून नाही, जोड म्हणून. आणि लिथियम थायोनिल क्लोराइडचे ते ३.६ व्होल्टचे सेल घालणार असाल तर एक सांभाळा, त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम पडतो, त्यामुळे स्क्रीनवर बॅटरी छान दिसत असताना नोड जाईल. तिथे व्होल्टेजवर विसंबू नका, काउंटरवर हिशोब ठेवा. महिनोन्महिने झोपलेल्या अशा सेलवर आतून थर बसतो आणि पहिल्या झटक्याला व्होल्टेज खचतो, म्हणून रेडिओसाठी सोबत कपॅसिटर असलेला नोड घ्या.

आता लोरावाल्यांसाठी. "हे सगळं सोडा, लोरा लावा, एकाच उडीत पोचतं" असं प्रत्येक वेळी कोणीतरी सांगतंच. चांगलं आहे, आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसनशिवाय वापरता येतो, भिंतीतून २.४ पेक्षा बरा जातो, आणि कोणी कोणाचं ओझं वाहत नाही. पण गेटवेची जागा तिथेही महत्त्वाची, फक्त मरणारे बदलतात. तिथे लांबचा किंवा भिंतीआडचा नोड पोचण्यासाठी हळू बोलतो, एसएफ७ वरून एसएफ८, ९, करत १२ पर्यंत (एसएफ म्हणजे किती हळू बोलायचं त्याची पायरी), आणि प्रत्येक पायरीला हवेत घालवलेला वेळ जवळजवळ दुप्पट. एसएफ७ ला जो छोटा निरोप एका सेकंदाच्या पंधराव्या-विसाव्या भागात जातो तोच एसएफ१२ ला दीड सेकंदाच्या आसपास घेतो. म्हणून उड्या मारणाऱ्या नेटवर्कात जवळचे आधी मरतात आणि एका उडीच्या नेटवर्कात लांबचे. वर फुल्यांच्या नकाशाचं सांगितलं ते यासाठी. लोरात फुल्या लांबच्यांवर आल्या तर गेटवे त्यांच्याकडे सरकवा, सगळ्यात लांबच्याचं अंतर कमीत कमी होईल अशी जागा, कागदावर सगळे नोड ज्यात मावतील असं लहानात लहान वर्तुळ काढा आणि त्याच्या केंद्रापासून सुरुवात करा, मग भिंती आणि टाक्या बघून थोडं इकडेतिकडे.

तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये तापमानाचे नोड होते, तिथला प्रकार थोडा चकवणारा होता म्हणून सांगतो. गेटवे बाहेर ऑफिसच्या केबिनमध्ये, खोल्यांच्या भिंती दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम अशा. पत्र्यातून रेडिओ जातच नाही, जो काही जायचा तो दरवाजातून. त्यामुळे आतले सगळे नोड दरवाजाजवळच्या एका नोडला धरून, आणि तो दर महिन्याला मेलेला. सगळे म्हणायचे थंडीमुळे सेल जातात. थंडीत अल्कलाइन सेल कमी चालतो हे खरंच आहे, पण मग त्याच थंडीत आतले बाकीचे कसे चालत होते? गेटवेची अँटेना केबलने खोलीच्या आत, छताच्या मध्यावर घेतली, केबल गेली त्या भोकाला इन्सुलेशन नीट भरून घेतलं, तेव्हापासून दरवाजाजवळचा नोड इतरांसारखाच चालतो.

हे सगळं करूनही एखादा नोड लवकर जात असेल तर वाट बदलली का ते बघा. आमच्याकडे मे महिन्यात ई विंगने गळतीसाठी गच्चीवर पत्र्याची शेड घातली. कोणी मला सांगितलं नाही, सांगायचं त्यांच्या डोक्यात येणारही नाही. एफ च्या गेटवेला ई चे नोड दिसेनासे झाले, ते डी कडे वळले, डी वरून सी, सी वरून बी. सी चा एक नोड अचानक पडू लागला आणि मी दोन दिवस सी च्या गच्चीवर शोधत बसलो, दोष दोन इमारती पलीकडे. पॅरेंटची यादी काढल्यावर कळलं. एफ ची अँटेना शेडच्या वर दीड मीटर उचलली, ई परत एफ ला लागला. तेव्हापासून मी दर महिन्याला कोणाचा पॅरेंट कोण याची यादी काढून मागच्याशी ताडून बघतो, दहा मिनिटांचं काम आहे, व्होल्टेज पडायच्या आधी तिथे कळतं. पावसाळ्यात ओल्या भिंती, भरलेल्या टाक्या यानेही वाट बदलते, पाणी हा पट्टा चांगलाच शोषतं, म्हणून नोड टाकीच्या बाजूला नको, झाकणाच्या वर हवा.

आज बी आणि एफ वर गेटवे, पाच मिनिटांचं रीडिंग, सगळ्यात दमणारा नोड २.९ व्होल्टवर आहे आणि बदलल्यापासून सेल तेच आहेत. मामांचा फोन अजूनही येतो, पण टाकीचं पाणी कुठपर्यंत आलं ते सांगायला.

आता कॉम्प्लेक्सच्या शेवटी एच विंगचं काम चालू आहे, पुढे आय पण येणार म्हणतात. एच आली तर कागदावर बघितलं, जी च्या नोडवर एच चे चार येतील, भार १५च राहतो, गेटवे हलवायची गरज नाही. आय आली की मात्र जी वर ते २३ होईल, तेव्हा दोन्ही गेटवे एकेक विंग पुढे, बी चा सी ला आणि एफ चा जी ला, की परत १५. म्हणून सी आणि जी च्या गच्चीवर पाइपचे क्लॅम्प, पॉवर पॉइंट आणि केबलसाठी कंड्यूट आत्ताच टाकून घ्यायचं कमिटीला लिहून दिलंय, वॉटरप्रूफिंगवाले गच्चीवर आहेत तोवर, नंतर भोक पाडायला कोणी देत नाही.